नऊशे पोरांना स्टँडर्ड पुरेल म्हणालो होतो

मित्रांनो, आज दुपारपासून मन कशात लागत नाही.

लातुरातल्या एका क्लासची वेबसाइट मी सांभाळतो. सर्व्हरचं सॉफ्टवेअर घेताना दोन प्रकार होते. स्टँडर्डवर एका वेळी हजारेक लोक चालतात, एंटरप्राइज कितीही गर्दी झेलतं. मीच सरांना म्हणालो, "पोरं नऊशे हायत. स्टँडर्ड लई झालं."

आज सकाळी दहाला स्पेशल बॅचची यादी लागली. बारापर्यंत साइटवरच होकार द्यायचा होता. पण आपल्याकडं पोरगं एक असलं तरी यादी बाप, काका, मामा, आत्या असे सगळेच उघडतात. हे मी धरलंच नव्हतं. दहा मिनिटांत साइट बंद पडली. बारानंतर सरांनी उरलेल्या जागा क्लासवर हजर असलेल्यांना देऊन टाकल्या.

दोनला किल्लारीहून जीपनं एक वडील आले. मुलीचं नाव यादीत होतं, जागा मात्र गेली होती. मला म्हणाले, "सकाळपासून साइट उघडायलोय साहेब. आमच्याच मोबाईलला रेंज न्हाई, तुमची काय चूक."

मी नुसती मान हलवली.

मग माझ्यासमोरच त्यांनी मुलीला फोन लावला. "माझ्यामुळं गेलं बाई," म्हणाले.

तेव्हा तरी मी बोलायला पाहिजे होतं ना?