बडीशेपेची बशी

हॉटेलात बिलाबरोबर बडीशेपेची बशी येते. आमची ही वेटरसाठी त्या बशीखाली दहाची नोट सरकवायची. उठताना मी ती उचलून परत खिशात घालायचो. "पगार मिळतो त्यांना," म्हणायचो. ती नुसती चपला शोधायची.

मुलीकडे जपानला गेलो, तिथंही हिनं नोट ठेवली. वेटर रस्त्यापर्यंत धावत आला आणि वाकून परत देऊन गेला. तिथं म्हणे असं देणं बरं दिसत नाही. मी जावयासमोर हिला हसलो, "बघ, परक्यांनाही तुझी खैरात नको!" पुढं अमेरिकेत मुलगा म्हणाला, इथं न देणं वाईट दिसतं. तिथं मात्र मुकाट दिले. लोकांना भ्यालो, बायकोचं कधी ऐकलं नाही.

ती गेल्यानंतर काल पहिल्यांदाच आमच्या त्या हॉटेलात एकटा जेवलो. बशीखाली नोट ठेवून निघालो, तर जुना वेटर दारापर्यंत धावत आला.

"काका, नोट राहिली की! आज उचलायला विसरलात?"

तो चेष्टा करत नव्हता. खरंच परत द्यायला आला होता.

"माझी नाही ती," म्हणालो. "काकूंची आहे."