शिट्टीबाईचा पट्टा

माझ्या बायकोला चाळीत कुणी नावाने ओळखत नव्हतं. दादरच्या तरणतलावावर बायकांच्या बॅचवर लक्ष ठेवायची तिची नोकरी. गळ्यात कायम शिट्टी. तीच सवय घरी. चाळीच्या जिन्यात पोरं मस्ती करायला लागली की दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की खाली लालबागच्या रस्त्यावरचा टॅक्सीवालासुद्धा ब्रेक दाबायचा. म्हणून ती शिट्टीबाई. मी शिट्टीबाईचा नवरा. मलाही नाव आहे, पण ते फक्त रेशनकार्डावर.

रिटायर झाल्यावर बायका काशीला जातात, नाहीतर गुडघे धरून बसतात. हिला समुद्राच्या तळाशी जायचं होतं. हिचं माहेर मालवणचं. तिथे आता जो तो स्कूबा करतो. तिची भाची प्रणाली तिथेच शिकवते. पहिल्या खेपेला हिला पर्यटकांसारखं हवा भरायचं भाड्याचं जॅकेट चढवलं आणि एका माणसाने मागून धरून खाली नेलं. वर आली ती रागानेच. "जॅकेट कानापर्यंत वर सरकत होतं, अर्धा वेळ ते खाली ओढण्यात गेला. आणि तो मेला मला मानगुटीला धरून मांजराच्या पिल्लासारखं फिरवत होता. आता नीट शिकून जाणार. स्वतःचं सामान घेऊन."

मी म्हटलं, "साठी उलटली तुझी."

"पाण्याला कुठे कळतंय?"

शिकली. डॉक्टरकडून छाती तपासून घेतली, प्रणाली मुंबईला आली तेव्हा तिच्याकडून तलावात सगळे धडे गिरवले. मग गिरगावातल्या एका दुकानात सामान घ्यायला आम्ही तिघं गेलो. दुकानदाराने तिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गुलाबी रंगाचं मऊ जॅकेट काढलं. "लेडीज स्पेशल, आंटी. एकदम कम्फर्ट."

"मला बारशाला नाही जायचं," ही म्हणाली. "ती पाटी दाखवा."

पाटी म्हणजे पाठीला लावायची धातूची प्लेट. तिच्यावर मागे हवेची पिशवी आणि सिलिंडर बसतं, आणि एकच लांब पट्टा भोकांतून ओवून खांद्यांवरून कमरेपर्यंत आणतात. दुकानदाराने हलकी ॲल्युमिनियमची पुढे केली. म्हातारीला वजन नको, हा त्याचा हिशेब. प्रणालीने समजावलं, स्टीलची जड असते, पण पाण्यात बुडायला कमरेला शिसं बांधावं लागतं, ते तेवढं कमी होतं. हिने स्टीलची उचलली, बोटाने टकटक वाजवली, तव्यासारखी उलटीपालटी केली. मग दुकानातल्या स्टुलावर बसून पाठीला लावून पाहिली. खालची कड कमरेत रुतली. "माझी पाठ आखूड आहे. आखूड दाखवा." दुकानदार गोडाऊनमध्ये गेला तो घाम पुसतच परत आला. साडी घेतानाही ही दुकानदाराला एवढीच दमवायची. तिथे निदान सरबत मिळायचं.

पट्टा बसवायचं काम मी माझ्याकडे घेतलं. मी गोदीत माल बांधण्यात उभी हयात घालवली. चौथीनंतर शाळा सोडली, पण गाठीत मला कुणी शिकवायचं नाही. माल बांधला की हलता कामा नये, एवढं एक तत्त्व. चाळीच्या गॅलरीत तिला उभी केली, पट्टा ओवला, पाय लावून खेचला. कमरेचं बक्कल लावलं. पाटी पाठीला अशी चिकटली की मला माझाच अभिमान वाटला.

"आता काढा," ती म्हणाली.

निघेना. बक्कल सुटलं, पण खांद्यांचा पट्टा सलग, त्याला सोडायला काही नाही. त्यात तिचा डावा खांदा आखडलेला, वर जातच नव्हता. मी डावीकडून सोडवायला ओढलं तशी ती मालवणीत ओरडली, "मी काय गोणी आसंय? सोडा आधी!" अख्खी चाळ गॅलरीत जमली. शेजारची नलू म्हणाली, "शिट्टीबाई, कात्री आणू?"

"कात्री आणलीस तर आधी तुझी वेणी कापीन."

शेवटी पट्ट्याचं टोक मागून उलटं सरकवत सरकवत तिला मोकळी केली. माझं अजूनही म्हणणं आहे की बांधणी पक्की होती. माणूस आत होतं, एवढीच अडचण.

फोनवर प्रणालीला कळलं तेव्हा ती हसली नाही. "मावशी, पाण्यात कुणाच्या मदतीशिवाय स्वतः काढता आलं पाहिजे. नाही आलं तर मी तुला खाली सोडणार नाही. मावशी असलीस तरी." पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते. त्या संध्याकाळी ही जेवली नाही. भिंतीला टेकवलेल्या त्या पाटीकडे बघत बसली. बायको रागावली की मला कळायचं काय करायचं. गप्प बसली की कळायचं नाही.

सकाळी ब्लाउज घालताना तीच थांबली. आखडलेला हात आधी घालायचा, काढताना शेवटी, हे ती रोज करत होती. "अहो, इकडे या. पट्टा ढिला करा. डावीकडे जास्त." तत्त्व बाजूला ठेवून मी ढिला केला. माझी मूठ पट्ट्याखालून सहज फिरेल इतका. मला ते बघवत नव्हतं. तिने डावा हात आधी घातला. काढताना धड असलेला उजवा आधी बाहेर काढला, मग डावा आपोआप घसरला. हात वर करायची गरजच नाही. परत घातलं, परत काढलं. दूधवाला आला तरी चालूच.

मालवणात प्रणालीने तिला होडीपासून दूर, खोल पाण्यात तेच करायला लावलं. एकटीने. मी होडीत बसून काठ घट्ट धरला होता; पोहता मला येत नाही. उजवा हात सुटला, डावा सुटला, सगळं सामान तिच्यापुढे तरंगायला लागलं. प्रणालीने अंगठा आणि बोट जोडून 'ठीक' अशी खूण केली. मग दोघी खाली गेल्या, आणि पाण्यावर नुसते बुडबुडे राहिले.

वर आली तेव्हा मी विचारलं, "काय बघितलंस?"

"मासे होते. पण मी वाळूवर जरा बसले."

"बसायला एवढ्या खाली गेलीस?"

"खाली कुणी हाक मारत नाही हो. जन्मात पहिल्यांदा."

"मी मारली असती."

"माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला होडीत ठेवलं."

त्यानंतरचे गणपती उठले आणि आठवड्याच्या आत ती झोपेतच गेली. एवढ्या शिट्ट्या मारणारी बाई, जाताना आवाज केला नाही. लोक सांत्वनाला आले, देवाची इच्छा वगैरे म्हणाले. देवाला काय, त्याला कुठे चहा करून प्यायचाय.

मला साखरेचा डबा सापडत नाही. अजून हाक मारतो. नलू म्हणते, काका, असं करू नका. मी करतो. उत्तर येत नाही तेव्हा समजून घेतो, तिचं अजून बसून झालेलं नाही.