सुपाला कुंकू लावल्याचा गुन्हा

आमचा पक्ष क्रांती करणार होता. हसू आलं तर हसा. तेव्हा मात्र आम्ही नऊ जण धाराशिवात एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत चटईवर बसून हे इतक्या गंभीर तोंडानं बोलायचो, की खाली झेरॉक्स काढायला आलेल्या पोरांना वर कुणाचं तरी सुतक चालू आहे असं वाटायचं. भिंतीवर ओळीनं पाच परदेशी पुढारी. त्यांच्याखाली पक्षाचे सचिव. ते एका कॉलेजात शिकवायचे. एकमेकांना ‘कॉम्रेड’ म्हणायचं असा ठराव त्यांनीच मांडला होता. त्यांना मात्र आम्ही सगळे ‘सर’ म्हणायचो, आणि त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

मी बेंबळीची. कॉलेजसाठी धाराशिवात खोली करून राहिले आणि पहिल्याच वर्षी पक्षात शिरले. माझं अक्षर बरं आणि भाषा तिखट, म्हणून पत्रकं लिहायचं काम माझ्याकडं आलं. ‘जागे व्हा’, ‘संघटित व्हा’, ‘हल्लाबोल’. वीस वर्षांच्या पोरीला दुसऱ्यांना जागं करायला लई आवडतं.

सुरुवातीला आम्ही काही कामं खरोखर केली, हे खोटं ठरवता येणार नाही. तेरच्या शाळकरी मुलींची संध्याकाळची बस बंद झाली होती. आम्ही त्या मुलींना आणि त्यांच्या आयांना घेऊन एसटीच्या आगारात बसून राहिलो. दोन दिवसांत बस सुरू झाली. त्या एका बसवर नवाचे साठ झालो. गावोगावची पोरं येऊन विचारायची, आमच्याकडं शाखा काढता का? सरांनी बसच्या विजयावर बत्तीस पानांची पुस्तिका लिहिली. तिच्यात बस सहा ओळींत होती.

आता आमची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातून घडलं. दर रविवारी आत्मटीकेची बैठक असायची. खोलीच्या मधोमध एक प्लॅस्टिकचं स्टूल. ज्याची पाळी त्यानं त्यावर बसायचं. भोवतीच्यांनी फेरीनं त्याचा एकेक दोष सांगायचा. फेरी संपेपर्यंत त्यानं तोंड उघडायचं नाही. मग त्यानं स्वतः सगळे दोष कबूल करायचे, ते वहीत लिहिले जायचे, आणि कबुली बैठकीनं मंजूर केली की तो मोकळा. मंजूर नाही झाली तर मंजूर होईपर्यंत त्यानं लोकांत जायचं नाही, काम करायचं नाही. मोबाइल बाहेर एका स्टीलच्या डब्यात. एक जण भावाच्या वरातीत नाचला म्हणून स्टुलावर बसला. एकाला हसतो फार म्हणून बसवलं. मी एकदा ‘माझ्यात मध्यमवर्गीय आळस आहे’ असं कबूल केलं. खरं तर मला ताप होता.

याला आम्ही शिस्त म्हणायचो.

दोन वर्षांनी उमरग्याजवळच्या मुरूम गावचं प्रकरण आलं. तिथल्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत दुकानांत तूर निवडणाऱ्या बायका आहेत. दिवसभर उन्हात मातीत बसायचं, सुपानं पाखडायचं, खडे वेचायचे. डोक्यावर पत्रा नाही, आणि लघवीला जायचं तर मोंढ्याची भिंत ओलांडून काट्यात. त्यांच्यात एक बाई होती, पंचेचाळिशीची. आडत्यांशी कानडीत भांडायची, आमच्याशी मराठीत. सगळे तिला आक्का म्हणायचे, मीही. आक्कानं पक्षाचं सभासदत्व घेतलं तेव्हा मला विचारलं, “ह्यात काय करायचं असतं गं?”

“लढायचं असतं, आक्का.”

“ते तर चालूच हाय. आनिक काय?”

मी तिला पक्षाची घटना वाचून दाखवली. ती शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, “लई नेम हायती. पाळू.” आणि ती खरंच पाळायची. आम्हा शिकलेल्यांपेक्षा जास्त.

तुरीचा हंगाम भरात आला तेव्हा तिनं संप लावला. दिवस तिनंच निवडला. मागण्या तीन: डोक्यावर शेड, बायकांसाठी संडास, आणि वर्षानुवर्षं येणाऱ्या बायांना हंगाम सरला की हाकलायचं नाही. पहिल्या दिवशी सकाळी मोंढ्याच्या फाटकासमोर त्या तीसेक बायकांनी आपापली सुपं ओळीनं मांडली, हळद-कुंकू लावलं, एक नारळ फोडला आणि बसल्या. मी तिथं होते. मला ते इतकं आवडलं की मी फोटो काढला आणि पक्षाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘मुरूम पेटलं!’ दोन तासांनी सरांचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘हे काय चाललंय?’

मला वाटलं, त्यांना आनंदानं सुचेना झालंय.

संप पाच दिवस कडक चालला. तुरीची पोती दुकानाबाहेर रचत गेली, गाड्या खोळंबल्या. पाचव्या दिवशी, शनिवारी, एका म्हाताऱ्या आडत्यानं आक्काला आणि मला दुकानात बोलावलं, चहा दिला. म्हणाला, “बाई, लई ताणू नको. मंगळवारी अकराला सगळे आडते बसतो. तू ये. शेडचं आन् संडासाचं मिटवू. कामाचं बी बघू. पर तू ये, दुसरं कुणी आलं तर ह्या आडत्यांच्यात एकाचं एकाला पटायचं न्हाय.”

बाहेर आल्यावर आक्कानं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. “मिटतंय बघ,” ती म्हणाली.

रविवारी सरांचा फोन आला. आक्कानं सोमवारी सकाळी धाराशिवला हजर राहावं. लढ्याची सुरुवात धार्मिक विधीनं केल्याबद्दल आत्मटीका.

आक्का म्हणाली, “सर, मंगळवारी बोलनी हायती. बुधवारी येते की.”

“कॉम्रेड, आधी शिस्त. दृष्टी चुकलेली असेल तर तडजोडीतही चूक होते.”

मी फोन घेऊन काही बोलायला हवं होतं. मी बॅग भरली. नळदुर्ग, तुळजापूर करत तीन तास एसटीत बसून आम्ही दोघी धाराशिवला आलो. आक्का खिडकीला डोकं लावून म्हणाली, “एका दिसाचं काम हाय. सांजच्याला परत निघू.”

खोलीत अकरा जण होते. आक्काला स्टुलावर बसवलं. तिनं लुगडं सावरलं, पाय जुळवले आणि शाळेत बसावं तशी बसली.

सर म्हणाले, “कॉम्रेड, संपाची सुरुवात पूजेनं झाली. तुमचं म्हणणं काय?”

“पूजा कसली, सर? सूप आमचं पोट भरतंय. त्येला कुंकू लावलं.”

“फेरी पूर्ण होईपर्यंत बोलायचं नाही.”

“मग इचारता कशाला?”

कुणी हसलं नाही. हे मी आजही विसरू शकत नाही. इतकं साधं, इतकं बरोबर उत्तर, आणि अकरा तोंडं दगडाची.

फेरी सुरू झाली. एकानं अंधश्रद्धा सांगितली. एकानं जातीय प्रतीकं. जो पोरगा मुरूमला कधी गेलाच नव्हता त्यानं ‘उत्स्फूर्ततावाद’ सांगितला. माझी पाळी आली. प्रत्येकानं एक दोष सांगायचाच, असा नियम. मी म्हणाले, “आक्कांनी आडत्याच्या दुकानात चहा घेतला.”

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. तो चहा मीही प्यायले होते. दुसरा कपही मीच घेतला होता.

फेरी संपल्यावर तिला कबुली द्यायला सांगितलं. ती म्हणाली, “चहा घेतला. कुंकू लावलं. दोन्हीत चूक न्हाय.”

कबुली नामंजूर. बैठक मंगळवारी सकाळी नऊला पुन्हा. मी सरांना बाजूला घेऊन म्हणाले, अकराला बोलणी आहेत. सर म्हणाले, “वर्ग-शत्रू आपल्या वेळापत्रकानं चालत नसतो, आपण त्याच्या का चालायचं?” असली वाक्यं ऐकली की मी पूर्वी वहीत उतरवून घ्यायचे.

आक्का निघून का गेली नाही, असं लोक मला विचारतात. तिनं नेम पाळीन म्हणून शब्द दिला होता. आमच्यापैकी कुणी तो शब्द इतक्या खरेपणानं घेतला नव्हता, त्याचाच आम्ही तिला फास केला.

मंगळवारी नऊला ती पुन्हा स्टुलावर. मोबाइल डब्यात. सरांनी भारतातल्या धर्म आणि उत्पादनसंबंधांवर पाऊण तास विवेचन केलं. दहा वाजले. साडेदहा वाजले. अकराला आक्का उठून उभी राहिली. “माझ्या बाया तिकडं वाट बघत्यात,” म्हणाली. सर म्हणाले, “बसा. ठराव होईपर्यंत तुम्ही पक्षाच्या वतीनं बोलू शकत नाही.” ती बसली.

एक वाजता तिनं कबूल केलं. काय कबूल केलं ते तिला सांगता आलं नसतं. सरांनी वाक्यं सांगितली, तिनं मागं म्हटली. टाळ्या वाजल्या. डबा उघडला. आक्काच्या फोनवर फाटकावर बसलेल्या तिच्या जावेचे अठरा मिसकॉल.

मुरूमला काय झालं ते जावेनं सांगितलं. आडते साडेबारापर्यंत थांबले. मग म्हातारा फाटकावर आला आणि म्हणाला, तुमची पुढारीण शहरात पक्षाच्या सभेला गेलीय, तुम्हाला टाकून. कामाला यायचं त्यांनी आत या, न्हाय आलात तर टेम्पोनं दुसऱ्या बायका आणतो. अठरा जणी आत गेल्या. आक्काचं आणि तिच्यासाठी फाटकावर टिकलेल्या बारा जणींचं काम सुटलं.

आक्कानं फोन कमरेला खोवला आणि जिना उतरली. कुणाचाच निरोप घेतला नाही. माझाही नाही.

पुढच्या रविवारी सरांनी अहवाल मांडला. पराभवाचं कारण: ग्रामीण सर्वहारा वर्गाची मागासलेली जाणीव. मला त्याचं पत्रक करायला सांगितलं. मी कागद घेतला आणि दुसऱ्या दिवशी मुरूमला गेले.

आक्का दारात बसली होती. मी उभ्या उभ्याच सुरू केलं, “आक्का, माझी चूक झाली. माझ्यात धैर्य...”

“थांब. तुला स्टूल आनू का?”

मी डोळे पुसले.

“माझ्यासमोर रडू नको. बारा बायका घरी बसल्यात. चल मोंढ्यात.”

म्हातारा आडत्या गादीवर होता. आम्हाला पाहून त्यानं चहा सांगितला नाही. “तुझी वाट बघितली म्या,” तो आक्काला म्हणाला. “सगळ्यांना धरून बसवलं होतं. माझी शोभा झाली.”

“चुकलं माझं, मालक.” सरांनी दोन दिवस घेतले आणि खोटी कबुली मिळवली. इथं ती एका दमात बोलून गेली, आणि ही खरी होती. “त्या बारा जनींना घ्या.”

“घेतो. तुला न्हाय घेत. तुला घेतलं तर बाकीचे मला हसत्याल.”

“मला नका घेऊ. बारा बी उद्यापासून?”

“उद्यापासून.”

“आन् शेड?”

म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. मग हसला. “तू काय बाई आहेस गं! पत्रे टाकतो. संडासाचं मोंढ्याच्या कमिटीला इचारावं लागंल.”

“इचारा. म्या वाट बघते.” असं म्हणून ती उठली. जिचं काम गेलं होतं ती बाई दुसऱ्यांच्या डोक्यावर पत्रे टाकून निघाली. ज्यांच्याकडं क्रांतीचा कार्यक्रम छापील होता त्यांना वीतभर सावली मिळवता आली नव्हती.

या भेटीबद्दल मला पक्षातून काढलं. आरोप: ठरावाविना शत्रूशी वाटाघाटी. मी त्या बैठकीला गेले नाही, म्हणून स्टूल रिकामंच ठेवून फेरी पूर्ण केली, असं कळलं. रिकाम्या स्टुलाला अकरा जणांनी अकरा दोष सांगितले.

मग पक्ष फुटला. मुद्दा असा, की मुरूमचा पराभव डावं विचलन होतं की उजवं. एका गटाकडं खोली राहिली, दुसऱ्याकडं बॅनर. दोघांनी एकमेकांना हकाललं. तेरच्या पोरींना कुणी विचारलं नाही, त्या एव्हाना शिकून गेल्या होत्या आणि त्यांना कुणाचीच गरज नव्हती. खोलीवाले आता चौघे आहेत. बॅनरवाल्यांचा ग्रुप उरलाय, त्यावर सकाळी सुविचार येतात. खोलीवाल्यांनी मध्यंतरी आक्काचा ‘लढाऊ कामगार’ म्हणून सत्कार करायचं ठरवलं. शाल घेऊन दोघे मुरूमला गेले. आक्कानं विचारलं, “काम हाय का तुमच्याकडं कुठं?” नाही म्हणाले. “मग शाल घेऊन जा, थंडी हाय.”

तिला काम उमरग्याला एका डाळमिलमध्ये लागलं. रोज सकाळी बसनं जाते, संध्याकाळी येते. मला वर्षभर तिचा फोन नव्हता. मागच्या महिन्यात आला.

“इथं बी भिंतीपलीकडंच जावं लागतंय,” ती म्हणाली. “चौदा बायका हायत. कागद लिहायचाय. येतीस का?”

“येते.”

“एकटीच ये. सोबत कुणाला आनू नको.”

मी सकाळच्या गाडीनं गेले. जेवणाच्या सुट्टीत बायका मिलच्या कडेला सावलीत भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. आक्कानं मला पुढं ढकललं.

“ही पोरगी कागद चांगला लिहिती,” तिनं त्यांना सांगितलं. “बाकी हिचं काय ऐकू नका.”

मी खाली बसले आणि त्यांना विचारलं, काय लिहू.