मालनच्या बरणीतला पाक

धाकू शिवलकर १९३२च्या शिमग्यात माडावरून पडला. हाड जुळलं, पण गुडघा वाकेना. माडी काढणाऱ्याचा गुडघा वाकत नसेल तर त्याने माडाकडे खालूनच बघत राहायचं. मुंबईला एका गाववाल्याने त्याच्यासाठी गिरणीच्या दारावरची नोकरी बघून ठेवली. दिवाळी झाली की बोटीने निघायचं ठरलं. धाकूने पत्र्याची एक ट्रंक आणून ओटीवर ठेवली. त्याची बायको मालन जाता-येता ती पायाने भिंतीकडे सरकवायची.

नवऱ्याने मुंबईला जाऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं. तिचा बाप असाच गेला होता आणि मग जन्मभर गणपतीला पाहुण्यासारखा येत राहिला.

मालनच्या हातात एक कसब होतं, पाकातले फणसाचे गरे. बाजारातले आत्मारामशेठ दरसाल तिच्या थोड्या बरण्या दुकानात ठेवत. पण पावसाळा सरेपर्यंत पाक साखर धरायचा आणि बरणीत खडे बसायचे. लिंबू पिळावं तर फणसाची चव मरायची.

"गेल्या साली तुझ्या बरणीत गरे शोधायला हातोडी लागली," शेठ म्हणाले. "दिवाळीपर्यंत पाक वाहता ठेवून दाखव. मग तू करशील तेवढ्या बरण्या मी घेईन, मुंबईलासुद्धा धाडीन."

शेजारी हरिश्चंद्र मास्तर राहत. ते हायस्कुलात सायन्स शिकवत आणि मालनच्या गोठलेल्या बरण्या आवडीने नेत. त्यांनी सांगितलं, साखरेचे दोन तुकडे केले तर ती पुन्हा खडे धरत नाही, मधासारखी राहते. आणि हे तुकडे करणारं एन्झाइम माडीच्या मडक्यातल्या गाळात असतं.

मालनने त्याच दिवशी माडी काढणाऱ्या दिराकडून गाळ आणला आणि पाकात ढवळला. दुसऱ्या दिवशी बरणीचं झाकण उडालं.

"गो, तू गरे विकतंस की गुत्ता घालतंस?" धाकूने विचारलं.

"तुम्ही गप बसा. तुमच्याच धंद्याचा वास तो."

मास्तरांना हसू आलं, मग ते विचारात पडले. अमेरिकेत कोणी हे एन्झाइम कोळशाच्या भुकटीवर बसवल्याचं त्यांनी वाचलं होतं. कोळशाला बारीक बारीक छिद्रं असतात. एन्झाइम तिथे चिकटून बसतं, हलत नाही, तरी काम करत राहतं. "म्हणजे साखर फुटेल आणि माडी पाकात उतरणार नाही. पण मी हे कधी केलेलं नाही, बाई."

"कोळसा करवंटीचा चालंल?"

"चालावा."

कोळसा तिच्या चुलीत होता. तिने तो कुटून वस्त्रगाळ केला आणि धुतला. मास्तरांनी दवाखान्यातून क्लोरोफॉर्म आणून गाळात थेंब टाकले, म्हणजे त्याचं आंबणं थांबेल आणि आतलं एन्झाइम पाण्यात सुटेल. काही दिवसांनी ते पाणी गाळून मालनने त्यात कोळसा मुरवला. मग वास जाईपर्यंत तो पुन्हा पुन्हा धुतला. बुडाला भोक असलेल्या मडक्यात फडकं घालून त्यावर कोळसा चेपला आणि महादेवाच्या पिंडीवर गळती टांगतात तसं ते मडकं आढ्याला टांगलं.

वरून तिने पाक ओतला. खालच्या थेंबांचा पाक मास्तरांनी काचेच्या नळीतल्या एका निळ्या औषधात घालून तापवला. साखर फुटली असती तर निळं पाणी विटेसारखं तांबडं झालं असतं. ते निळंच राहिलं.

"पाक कसा ओतलात?"

"कसा म्हंजे? चांगला खळखळता."

मास्तर खाली बसले. "कढत पाकाने एन्झाइम मेलं."

मालनने मडकं खाली उतरवलं. कच्चा पाक नासतो, पाकाला कढ आलाच पाहिजे, हे तिला आईने शिकवलं होतं आणि हाताने आपोआप तसंच केलं होतं. झाडावर आता शेवटचे फणस उरले होते.

"आधी कोमट ओतू," ती म्हणाली, "आनि गळून खाली आला की मग कढवू."

पुन्हा गाळ, पुन्हा कोळसा. या खेपेला पाक पातळ केला आणि तान्ह्या पोराच्या अंघोळीच्या पाण्याइतकाच ऊन ठेवला. थेंब पडू लागले. मास्तरांची नळी तापली, निळं पाणी हिरवट झालं, मग पिवळं, मग तांबडंलाल. मालनने ती नळी उजेडात धरून धाकूला दाखवली, मास्तरांना दाखवली आणि शेजारच्या सोनूबाईला हाक मारून तिलाही दाखवली. त्याच कोळशातून तिने पुढच्या सगळ्या बरण्यांचा पाक काढला. मग तो आटवून दाट केला आणि त्यात गरे सोडले.

दिवाळीनंतर ती धाकूला घेऊन दुकानात गेली. आत्मारामशेठनी झाकण काढून आधी नाक घातलं. त्यांनाही माडीची बातमी लागली होती.

"वास नाही," ते म्हणाले.

"माडी घरी कोळशात बसलीय, शेठ. ती दुकानात येत नाय."

शेठनी चमचा बुडवून वर उचलला. पाकाची धार चमच्यावरून सरळ, न तुटता खाली उतरली. तळाशी खरवडून पाहिलं, एक कण लागला नाही. त्यांनी एक गरा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तिसरा घेताना विचारलं, "घरात किती बरण्या आहेत? बोट परवा आहे. सगळ्या मुंबईला जाऊ देत."

घरी येऊन धाकूने ट्रंक उघडली. आतले दोन सदरे आणि घोंगडी त्याने मालनच्या हातात दिली आणि पेंढा आणायला तो लंगडत गोठ्याकडे गेला. पेंढ्यात गुंडाळलेल्या बरण्या ट्रंकेत अगदी बेताच्या बसल्या. तिसऱ्या दिवशी ट्रंक बोटीवर चढली. धाकू बंदरावर उभा राहून ती जाताना बघत होता. मग तो मालनला म्हणाला, "चल गो, करवंट्या जमवायच्या हायत."