खारपाण पट्ट्यातलं ओव्हरक्लॉकिंग

सुधाकरभाऊंच्या कॉम्प्युटरचं झाकण मला उघडावंच लागलं नाही. त्यांनी ते आधीच काढून ठेवलं होतं. आत मदरबोर्डवर पांढरा थर. बोटावर घेऊन चाखला. चक्क खारट!

"भाऊ, कूलर कुठं ठेवता?"

"हा काय, समोरच. तुम्हीच तं म्हटलं होतं, मशीन थंडी ठेवा म्हून."

म्हटलं होतं खरं. चूक माझीच.

मी तेव्हा खामगावात कॉम्प्युटर असेंबल करायचो. सुधाकरभाऊंचा नांदुऱ्यात स्टुडिओ, लग्नाची व्हिडिओ शूटिंग हा मुख्य धंदा. शूटिंगवर गाणी, फुलं, बदामाचे आकार टाकले की कॉम्प्युटर सगळं मिळून एक फाइल बनवतो. त्याला रेंडरिंग म्हणतात. तीन तासांच्या लग्नाला त्यांच्या मशीनवर सहा तास लागत. त्या उन्हाळ्यात लाइन, म्हणजे वीज, मात्र सकाळी सहाला यायची आणि अकराला जायची; नंतर आली तरी तिचा भरवसा नसे. पाच तासांची मेहनत पाण्यात, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. UPS जेमतेम दहा मिनिटं तग धरायचा.

मी ऐटीत उपाय सांगितला, ओव्हरक्लॉकिंग. म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसरला जास्त पळवायचं. पण ते मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या पाटीच्या, हातात असतं. जुन्या बोर्डात ती सोयच नव्हती. दोन नवे माझ्या नजरेत होते. एकात स्क्रीनवर आकडा बदलला की वेग बदलायचा, फारच झकास. दुसऱ्यात त्यासाठी जम्पर, म्हणजे चिमुकल्या प्लास्टिकच्या टोप्या, चिमट्यानं उपसून हलवाव्या लागत. पण पहिल्याचे कपॅसिटर मला किरकोळ वाटले. प्रोसेसरला जाणारी वीज स्थिर ठेवणारे हे छोटे डबे. पळवायचं म्हटलं की सगळा ताण त्यांच्यावर. मी टोप्यांचा बोर्ड निवडला. ती निवड बरोबर होती, हे मी आजही भांडून सांगेन. पावणेपाच तासांत अख्खं लग्न तयार व्हायला लागलं.

पळवलं की तापतं, म्हणून थंड ठेवायला बजावलं. त्यात मे महिना. वऱ्हाडात थंड म्हणजे कूलर. आणि नांदुरा पडलं खारपाण पट्ट्यात, जमिनीतलं पाणीच खारं. तेच कूलरमध्ये, त्याचाच ओला वारा उघड्या बोर्डवर. महिन्याभरात बोर्ड गेला.

स्टुडिओच्या बाकावर दिनेश बसला होता. फौजी. लग्नाला आठ दिवस झालेले, सुट्टी संपलेली, उद्या दुपारी दोनची गाडी.

"सर, काहीबी करा," तो म्हणाला. "आता घरी कधी येईन, माहीत नाही. तेवढी लग्नाची सीडी सोबत पायजे."

मला फार अपराधी वाटलं. पोरगा आठ दिवसांचा संसार मागे ठेवून सीमेवर निघाला होता, आणि माझ्या हुशारीपायी रिकाम्या हातानं.

जुना बोर्ड सुधाकरभाऊंच्या बायकोनं, शोभावहिनींनी, साडीच्या खोक्यात जपून ठेवला होता. तो बसवला, प्रोसेसर लावला, मशीन सुरू झालं. पण पुन्हा तेच सहा तास. आत्ता सकाळचे वाजले होते नऊ. आज दोन तास लाइन, उद्या सकाळी पाच तास; सलग सहा कुठंच नाहीत.

"नाही जमणार," मी म्हणालो.

मिक्सिंग, म्हणजे शूटिंगवर गाणी-फुलं टाकायचं काम, वहिनी करायच्या. त्या पुढं आल्या.

"भाऊजी, पूरं लगन एकदमच काऊन करता? हयदीची फाइल अलग, लगनाची अलग, बिदाईची अलग. लाइन गेली तं एकच जाईन."

मी सुधाकरभाऊंकडे पाहिलं, ते कूलरकडे पाहत होते.

"हे आधी काऊन नाही सांगितलं व तू?" ते म्हणाले.

"मले कोणी इचारलं? तुम्ही दोघं महिनाभर बोर्ड-बोर्डच करून राह्यले."

अकराच्या आत हळद झाली. दुसऱ्या दिवशी दहापर्यंत लग्न आणि बिदाई. मी मुद्दाम स्टेशनवर गेलो. दिनेशनं सीडी वर्दीच्या खिशात ठेवल्या, वरून बटण लावलं आणि दोनदा चाचपून पाहिलं. मला हायसं वाटलं.

सीडी तीन होत्या. एकीवर तासाभराच्या वर व्हिडिओ मावतच नसे. म्हणजे लग्नाचे तीन तुकडे आम्ही पहिल्यापासून करतच होतो, फक्त रेंडर झाल्यावर.

आजही कुणी विचारतं, ओव्हरक्लॉकिंगसाठी कोणता मदरबोर्ड घेऊ? मी म्हणतो, मशीनवर रोज बसतं कोण? आधी त्यांना घेऊन या.