लंकापती आले

फुलंब्रीच्या अलीकडं आमचं गाव. दसऱ्याला दिवेलागणीच्या सुमारास पारावर लंकेच्या लढाईचं सोंग व्हायचं आणि लंकेचा राजा व्हायचे आमचे वडील. पितांबर, कपाळाला भस्म. बाण लागण्याआधी ते महादेवाला हात जोडायचे, तेव्हा बायकाही जोडायच्या. ते पारावर चढले की गाव म्हणायचं, "लंकापती आले!" वैरी असला म्हणून काय झालं, राजाला अरेतुरे करायची आमच्यात पद्धत नव्हती. जास्तीची नऊ कागदी तोंडं करून द्यायचे शेजारचे चाचा. मिशा रंगवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलिस ॲक्शनच्या दिवसांत चाचा घरातून गेले ते परत आलेच नाहीत. गावाला काय ते ठाऊक असणार, पण सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. चाची मात्र रात्रीसुद्धा दार नुसतं लोटून ठेवायची. म्हणायची, "कडी लावली तर हे आल्यावर भायेर खोळंबतील."

त्या दसऱ्याला जाणती म्हणवणारी माणसं वडिलांना म्हणाली, "औंदा भस्म-बिस्म नगं. वैरी बगताच वळखू आला पायजे." आणि एक काळी शेरवानी पुढ्यात टाकली. ती कुठून आणली, हे वडिलांनी विचारलं नाही. त्याचा मला आजही राग येतो.

मी चाचीला खेटून बसले होते. वडील पारावर चढले तसा गलका उठला, "आला! आला!" त्या गलक्यात चाची डोक्यावर पदर ओढत उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आले."

वडिलांनी तिला पाहिलं. पुढचं बोलणं त्यांना आठवेना. बाण सुटायच्या आधीच ते मटकन खाली बसले. राजा घाबरला असं वाटून लोक पोट धरून हसले. पुढं दरवर्षी लोकांनी तसाच राजा मागितला. आता ते काम दुसरं कुणी करतं, आणि पोरांना वाटतं, तो राजा पहिल्यापासूनच भित्रा होता.

सोंग संपल्यावर वडील शेरवानीची घडी घेऊन चाचीच्या दारात गेले. मी मागं होते. चाचीनं ती उलगडून खांद्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"शिवण माझ्याच हातची हाय, भाऊ," एवढंच ती म्हणाली.

आम्ही घरात येऊन टेकलो असू नसू, तोच शेजारच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला.