मॅडमची बुरशीची बाटली

निर्मला मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी गिरणाऱ्याजवळच्या माझ्या रोपवाटिकेत टोमॅटोच्या रोपांवरून एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. फोन ठेवला आणि पहिला विचार आला तो, खोटं कशाला बोलू, बाटल्यांचा. बाटलीतली रोपं महिन्याच्या आत ताज्या खाद्यावर हलवली नाहीत तर मरतात. मॅडम तीन आठवडे दवाखान्यात होत्या. त्या परत येतील म्हणून मी हात लावला नव्हता...

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मॅडमनी माझ्याच शेडमधल्या एका खोलीत प्रयोगशाळा थाटली, ती करटोल्याच्या रानवेलीसाठी. करटोलं बियांपासून लावलं की बऱ्याच वेली नर निघतात, फळ धरत नाहीत, आणि हे कळतं थेट फूल आल्यावर. पेठकडच्या जमनाबाईंच्या बांधावर एक मादी वेल होती, फळांनी लगडलेली. तिचं एकेक पेर कापून बाटलीतल्या जेलीसारख्या खाद्यावर लावायचं. पेराला कोंब, कोंबाला पुन्हा पेरं... अशा एका वेलीच्या शेकडो वेली, सगळ्या मादी. परागासाठी मधून मधून चार नर लावले की झालं. मॅडमनी ते जमवलं. पुढे रस्ता रुंद करताना जमनाबाईंचा बांध गेला, वेलही गेली. आता ती होती फक्त बाटल्यांत.

खोली माझी, वीज माझी. पहिली रोपं तयार झाली तेव्हा मी सटाण्याच्या एका बागायतदाराला शब्द देऊन बसलो होतो. मॅडमनी मला न विचारता ती जमनाबाईंना देऊन टाकली; ती त्यांच्या त्याच बांधावर लागली आणि पुढे बांधाबरोबरच गेली. मी तणतणत खोलीत शिरलो. त्या शुद्ध हवेच्या कपाटापुढे बसून, बाटल्या उघडून, चिमट्यानं पेरं लावत होत्या. तिथं बोलायचं नाही, श्वासानं बाटल्या नासतात, हा त्यांचा कडक नियम. मी त्यांच्या खांद्यावरून घसा फुटेस्तोवर ओरडलो, "माझा शब्द खाली पडला! जमनाबाईंनी असं काय केलं हो, की रोपं त्यांना?" त्या पुढचं पेर लावत राहिल्या.

आठवड्यानं मला बोलावलं. त्या दिवशीच्या झाडून सगळ्या बाटल्यांत राखाडी बुरशी. एक माझ्या हातात देत म्हणाल्या, "हे तुमचं बोलणं, शेठ. बघा, किती जोमानं उगवलंय."

"मग फेका ना."

"बाकीच्या फेकते. ही फळीवर राहू दे. आणि उद्यापासून तुम्ही बसा इथं. नासवल्यात तेवढ्या भरून द्या."

हातगाडीवर भाजी विकत, ओरडून ओरडून धंदा उभा केलेला मी तासतासभर तोंड बांधून बसू लागलो. "तोंड बंद असलं की तुमचा हात बरा चालतो," त्या म्हणायच्या.

त्यांना पोचवून आलो आणि दुसऱ्याच सकाळी बाटल्या काढल्या. बहुतेक रोपं पिवळी पडली होती. हिरवी निघाली ती अकरा. तेवढ्यात जमनाबाईंचा फोन. "मॅडम नाय राहिल्या... मंग आता वेल बी नाय का?"

"आहे," मी म्हणालो. कोपरापर्यंत हात धुतले, तोंड बांधलं आणि बसलो.

माझी तक्रार मिटलेली नाही. मला विचारायला हवं होतं मॅडमनी. हे मी त्यांना रोज मनात ऐकवतो, पण कपाटापुढे बसल्यावर नाही. समोरच्या फळीवर ती बुरशीची बाटली अजून आहे.

आठवड्यानं पाहिलं, ताज्या खाद्याच्या अकराही बाटल्या स्वच्छ. सटाण्याच्या बागायतदाराला थांबावं लागेल. झाकणांवर मी मॅडमच्याच पेन्सिलनं नाव घातलंय : जमनाबाई.